सहायक लोको पायलट भरती: अर्ज भरण्यापूर्वी पात्रता कशी तपासावी

रेल्वे भरती मंडळाच्या सहायक लोको पायलट परीक्षेत चांगले गुण मिळवूनही नेमणूक हुकलेले उमेदवार प्रत्येक भरतीत दिसतात, आणि त्यांच्या अपयशाचे कारण अभ्यासात नसते. कुणाच्या डोळ्यांना अगदी किरकोळ नंबर निघतो, कुणाचा आयटीआयचा ट्रेड यादीत नसतो, तर कुणाचा जातीचा दाखला केवळ राज्याच्या नमुन्यातला असतो. अर्ज स्वीकारताना मंडळ मूळ कागदपत्रे पाहत नाही. उमेदवाराने भरलेली माहिती खरी धरून त्याला तात्पुरता प्रवेश दिला जातो, आणि खरी तपासणी सर्व परीक्षा संपल्यानंतर, कागदपत्र पडताळणी व वैद्यकीय तपासणीच्या वेळी होते. त्यामुळे ‘प्रवेशपत्र आले म्हणजे मी पात्र आहे’ हा समज फार महागात पडतो.

खालील टप्प्यांचा क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे. जे बदलता येत नाही ते आधी तपासायचे, जे मिळवायला वेळ लागतो ते त्यानंतर, आणि अर्ज जवळजवळ शेवटी.

## टप्पा १: जाहिरात पूर्ण वाचा आणि तारखा वेगळ्या लिहून काढा

रेल्वेची जाहिरात म्हणजे केंद्रीकृत रोजगार सूचना. तिला क्रमांक असतो, उदाहरणार्थ ०१/२०२५, आणि बंधनकारक असते ती फक्त हीच सूचना. समाजमाध्यमांवर फिरणारा एका पानाचा गोषवारा वाचून अर्ज भरू नये, कारण पात्रतेच्या बारीकसारीक अटी, प्रमाणपत्रांचे नमुने आणि वैद्यकीय निकष हे सगळे सूचनेच्या मागच्या पानांवर आणि परिशिष्टांत असते.

सर्वांत मोठा गोंधळ तारखांचा होतो, कारण पात्रता एकाच दिवशी मोजली जात नाही. वय एका ठरावीक दिवशी मोजले जाते. २०२५ च्या सूचनेत तो दिवस १ जुलै २०२५ होता. शैक्षणिक अर्हता मात्र अर्ज स्वीकारण्याच्या शेवटच्या दिवशी पूर्ण असावी लागते. आर्थिक दुर्बल घटक किंवा नॉन-क्रिमीलेअर यांचे दाखले कोणत्या आर्थिक वर्षाचे किंवा कोणत्या तारखेपर्यंतचे चालतील, हे सूचनेत स्वतंत्रपणे दिलेले असते. या तारखा एका कागदावर लिहून भिंतीवर लावल्या, तर पुढच्या निम्म्या चुका टळतात.

तपासा: शेवटच्या तारखेला मुदतवाढ मिळाली, तर शैक्षणिक अर्हतेची तारीख बदलली आहे की पूर्वीचीच कायम आहे, हे मुदतवाढीच्या परिपत्रकातच वाचावे. अंदाज करू नये.

## टप्पा २: डोळे तपासून घ्या, आणि ते शिकवणीची फी भरण्यापूर्वी

सहायक लोको पायलटसाठी रेल्वेचा सर्वांत कडक वैद्यकीय दर्जा लागू होतो. त्याला ए-१ म्हणतात. या दर्जात दोन्ही डोळ्यांची दूरदृष्टी चष्म्याशिवाय ६/६ असावी लागते आणि जवळची दृष्टीही चष्म्याशिवाय ०.६ असावी लागते. त्याशिवाय रंगदृष्टी, दोन्ही डोळ्यांनी एकत्र पाहण्याची क्षमता, दृष्टीचे क्षेत्र, रात्रीची दृष्टी आणि मंद प्रकाशातील दृष्टी यांच्या चाचण्या उत्तीर्ण व्हाव्या लागतात. येथे ‘चष्मा लावून ६/६’ चालत नाही, आणि आरक्षित प्रवर्गालाही या निकषात सवलत नाही.

यातली फॉगिंग चाचणी अनेकांना माहीत नसते. डोळ्यांपुढे अधिक दोन नंबरची काच धरली की निर्दोष डोळ्याला दूरची अक्षरे धूसर दिसायला हवीत. तरीही ती स्पष्ट वाचता आली, तर डोळ्यांत लपलेला अधिक नंबर आहे असा त्याचा अर्थ होतो आणि उमेदवार अपात्र ठरतो. रोजच्या जीवनात ज्याला कधीही चष्म्याची गरज वाटली नाही, असा तरुणही त्यामुळे येथे अडकू शकतो. म्हणूनच चष्म्याच्या दुकानातील संगणकीय तपासणीवर विसंबू नये. नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन ‘रेल्वेच्या ए-१ दर्जाप्रमाणे तपासा’ असे स्पष्ट सांगावे आणि शक्य असल्यास सूचनेतील वैद्यकीय निकषांचे पान त्यांना दाखवावे. प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासला गेला का, फॉगिंग झाले का, रंगदृष्टीसाठी इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाट्या दाखवल्या का, हे तीन प्रश्न बाहेर पडण्यापूर्वी विचारावेत.

इशारा: नंबर घालवण्यासाठी लॅसिक किंवा तत्सम शस्त्रक्रिया करून घेऊ नये. दृष्टिदोष दूर करण्यासाठी शस्त्रक्रिया केलेला उमेदवार या पदासाठी अपात्र धरला जातो, आणि वैद्यकीय तपासणीत ती ओळखता येते. मार्ग मोकळा करण्यासाठी केलेला खर्च येथे मार्ग कायमचा बंद करतो.

डोळ्यांत दोष आढळला, तर तेथेच थांबून दुसऱ्या पदाचा विचार करणे शहाणपणाचे. स्टेशन मास्तर आणि मालगाडी व्यवस्थापक ही पदे ए-२ दर्जाची आहेत. तेथे चष्म्याशिवाय ६/९ दृष्टी पुरते. वाणिज्य-तथा-तिकीट लिपिकाचे पद बी-२ दर्जाचे आणि कनिष्ठ लिपिक-तथा-टंकलेखकाचे सी-२ दर्जाचे आहे, आणि या दोन्ही दर्जांत चष्म्याला मुभा आहे. तंत्रज्ञ पदांच्या तक्त्यात प्रत्येक पदासमोर वैद्यकीय दर्जा दिलेला असतो, तो पाहावा. नंबर असलेल्या मुलाने दोन वर्षे लोको पायलटच्याच शिकवणीत घालवण्यापेक्षा पहिल्याच महिन्यात दिशा बदलली, तर त्याचा काहीही तोटा होत नाही.

## टप्पा ३: शिक्षण यादीतील शब्दांशी ताडून पाहा

या पदासाठी केवळ दहावी किंवा केवळ बारावी पुरेशी नाही. दहावीनंतर पुढीलपैकी एक मार्ग पूर्ण झालेला असावा लागतो: एनसीव्हीटी किंवा एससीव्हीटी (राष्ट्रीय किंवा राज्य व्यवसाय प्रशिक्षण परिषद) मान्यताप्राप्त संस्थेतून ठरावीक ट्रेडमधील आयटीआय, त्याच ट्रेडमधील शिकाऊ उमेदवारी कायद्याखालील पूर्ण केलेले प्रशिक्षण, किंवा यंत्र, विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स वा ऑटोमोबाईल अभियांत्रिकीतील तीन वर्षांची पदविका. याच शाखांतील अभियांत्रिकी पदवीही पदविकेऐवजी ग्राह्य धरली जाते.

आयटीआयच्या ट्रेडमध्ये फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन, टर्नर, मशिनिस्ट, डिझेल मेकॅनिक, मोटार मेकॅनिक, ट्रॅक्टर मेकॅनिक, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, मिलराइट, आर्मेचर व कॉइल वाइंडर, रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंग मेकॅनिक अशा ट्रेडची नावे येतात. वेल्डर, प्लंबर, ड्राफ्ट्समन आणि कोपा (संगणक चालक) हे लोकप्रिय ट्रेड या यादीत नाहीत. ‘तांत्रिक आहे म्हणजे चालेल’ असे गृहीत धरून या ट्रेडचे विद्यार्थी अर्ज करतात आणि शेवटी बाद होतात.

महाराष्ट्रात आणखी एक चूक वारंवार दिसते. बारावीच्या स्तरावरील किमान कौशल्य अभ्यासक्रम, ज्याला सर्वजण एमसीव्हीसी म्हणतात, त्यात इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकल विषय घेतलेले विद्यार्थी स्वतःला आयटीआयच्या बरोबरीचे समजतात. रेल्वेच्या सूचनेत आयटीआय म्हणजे आयटीआयच, आणि बारावीचा व्यावसायिक अभ्यासक्रम त्याची जागा घेऊ शकत नाही.

निकालाची वाट पाहणाऱ्यांना परवानगी नसते. पदविकेच्या शेवटच्या सत्राचे विद्यार्थी येथे हमखास फसतात, कारण उन्हाळी परीक्षेचा निकाल हाती येईपर्यंत अर्जाची मुदत संपून गेलेली असू शकते. २०२५ च्या भरतीत अर्जाची मुदत वाढवूनही मे महिन्यातच संपली होती. ज्यांचा निकाल त्यानंतर लागला, त्यांनी त्या वर्षी अर्ज न करणे हेच योग्य होते.

तपासा: गुणपत्रिका आणि अंतिम प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयटीआय झालेल्यांनी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, आणि पदविकाधारकांनी किमान तात्पुरते उत्तीर्ण प्रमाणपत्र मिळाले आहे याची खात्री करावी. प्रमाणपत्रावरील ट्रेडचे किंवा शाखेचे नाव सूचनेतील नावाशी शब्दशः जुळवून पाहावे.

## टप्पा ४: वय मोजा

सर्वसाधारण वयोमर्यादा १८ ते ३० वर्षे आहे. २०२४ च्या भरतीत कोविडमुळे ती ३३ पर्यंत वाढवली होती. ती एकवेळची सवलत होती आणि २०२५ मध्ये मर्यादा पुन्हा ३० झाली. इतर मागासवर्गाला तीन वर्षे आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षे सूट असते. आर्थिक दुर्बल घटकाला मात्र वयात कोणतीही सूट नाही, आणि हे अनेकांना शेवटपर्यंत ठाऊक नसते.

‘मला तिसावे चालू आहे’ अशा हिशेबावर जाऊ नये. सूचनेत प्रत्येक प्रवर्गासाठी जन्मतारखांचा तक्ता असतो. १ जुलै २०२५ या तारखेसाठी अनारक्षित उमेदवाराचा जन्म २ जुलै १९९५ ते १ जुलै २००७ या काळातला असायला हवा होता. दहावीच्या प्रमाणपत्रावरील जन्मतारीख घेऊन तक्त्यात बोट ठेवून पाहावे. एका दिवसाचा फरकही माफ होत नाही.

## टप्पा ५: प्रवर्गाचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात घ्या

मराठी उमेदवारांच्या सर्वाधिक चुका या टप्प्यावर होतात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. रेल्वे ही केंद्राची नोकरी असल्याने महाराष्ट्रातील प्रवर्गांची रचना तेथे जशीच्या तशी लागू होत नाही.

इतर मागासवर्ग. आपल्याकडे जातीचा दाखला वेगळा आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला वेगळा मिळतो. केंद्राच्या नमुन्यात मात्र जात आणि क्रिमीलेअरमध्ये नसल्याचा उल्लेख एकाच प्रमाणपत्रात असतो. राज्याचे दोन्ही दाखले फाइलला लावून ‘माझ्याकडे सर्व आहे’ असे समजणारा उमेदवार पडताळणीत अडचणीत येतो. जात वैधता प्रमाणपत्र कितीही महत्त्वाचे असले, तरी तेही या नमुन्याची जागा घेत नाही. सूचनेच्या परिशिष्टातील नमुना छापून घ्यावा, आपले सरकार सेवा केंद्रात किंवा सेतू केंद्रात अर्ज करताना ‘केंद्र शासनाच्या सेवेसाठी’ असे स्पष्ट नमूद करावे, आणि प्रांत कार्यालयातून दाखला हाती आल्यावर तो नमुन्याशी ओळीने ताडून पाहावा.

दाखल्यासाठी धावपळ करण्याआधी आपली जात महाराष्ट्राच्या केंद्रीय यादीत आहे का, हे राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर पाहावे. राज्यात भटक्या जमातींच्या स्वतंत्र गटांत मोडणारे धनगर आणि वंजारी केंद्रात इतर मागासवर्गात येतात, त्यामुळे त्यांनी अर्जात तोच प्रवर्ग निवडायचा असतो. ‘एनटी’ हा पर्याय अर्जात सापडला नाही म्हणून अनारक्षित निवडणारे उमेदवार स्वतःच्या हाताने तीन वर्षांची वयाची सूट सोडून देतात.

मराठा उमेदवार. राज्याच्या २०२४ च्या कायद्याने दिलेले एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग) आरक्षण केंद्राच्या नोकरीत लागू होत नाही. कुणबी जातीचा वैध दाखला असलेला उमेदवार केंद्रीय यादीनुसार इतर मागासवर्गात अर्ज करू शकतो. तसा दाखला नसल्यास केंद्राच्या निकषांत बसणाऱ्याने आर्थिक दुर्बल घटकाचा विचार करावा, अन्यथा अनारक्षित म्हणून अर्ज करावा. इतर मागासवर्गाच्या केंद्रीय आरक्षणात जो मोडतो, त्याला आर्थिक दुर्बल घटकाचा लाभ घेता येत नाही. दोन्ही दाखले काढून ठेवून नंतर सोयीप्रमाणे एक वापरण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकू नये.

आर्थिक दुर्बल घटक. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपेक्षा कमी असावे, ही अट सर्वांना माहीत असते. मालमत्तेच्या अटी मात्र विसरल्या जातात. कुटुंबाकडे पाच एकर किंवा अधिक शेतजमीन, एक हजार चौरस फूट किंवा अधिक क्षेत्राची सदनिका, अधिसूचित नगरपालिका हद्दीत शंभर चौरस यार्ड किंवा अधिक आणि इतरत्र दोनशे चौरस यार्ड किंवा अधिक निवासी भूखंड यांपैकी काहीही असल्यास, उत्पन्न कितीही कमी असले तरी उमेदवार केंद्राच्या निकषात बसत नाही. कोरडवाहू भागातील सहा एकरांच्या शेतकऱ्याला ही अट अन्यायकारक वाटते, आणि ती भावना समजण्यासारखी आहे. परंतु दाखला मिळतोय म्हणून मालमत्ता लपवणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण खोटी माहिती सिद्ध झाल्यास नेमणूकही रद्द होते.

हा दाखला एका ठरावीक आर्थिक वर्षासाठीच वैध असतो. मागच्या वर्षीचा दाखला आहे म्हणून निश्चिंत राहू नये. एप्रिल सुरू होताच आदल्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा पुरावा गोळा करून तहसील कार्यालयात नवीन दाखल्यासाठी अर्ज करावा.

अनुसूचित जाती व जमाती. येथेही केंद्राचा नमुना लागतो. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या उमेदवारांना केंद्रातही अनुसूचित जातीचा लाभ मिळतो, पण दाखल्यावर केवळ धर्म नव्हे, तर मूळ जातीचाही उल्लेख आहे का, हे पाहून घ्यावे.

इशारा: नोकरीनिमित्त सुरत, इंदूर किंवा बेळगाव येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी लक्षात ठेवावे, की जातींच्या याद्या राज्यनिहाय असतात. आपली जात कोणत्या राज्याच्या यादीतून मोजली जाते हे ठरवल्याशिवाय प्रवर्ग निवडू नये.

दाखला केवळ मराठीत असल्यास त्याचे इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर सोबत लागते. शक्य असेल तेथे सुरुवातीपासून इंग्रजी मजकूर असलेला दाखला मागावा.

## टप्पा ६: नाव आणि आधार जुळवा

राज्य मंडळाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येते, तर आधारवर बहुधा स्वतःचे नाव आधी आणि आडनाव शेवटी असते. रेल्वे भरती मंडळांनी २०२५ पासून आधारवरील नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राशी तंतोतंत जुळावी असा आग्रह धरला आहे. त्यामुळे अर्ज उघडण्याच्या पुरेसे आधी आधार केंद्रावर जाऊन क्रम, स्पेलिंग आणि वडिलांच्या नावाचा विस्तार दुरुस्त करून घ्यावा. फक्त आद्याक्षर आहे की पूर्ण नाव, एवढा फरकही दुर्लक्षू नये.

विवाहानंतर नाव बदललेल्या उमेदवारांनी अर्जात दहावीचे नाव आणि बदललेले नाव त्या-त्या रकान्यात भरावे आणि राजपत्रातील नावबदलाची प्रत किंवा तत्सम कायदेशीर पुरावा आधीच मिळवून ठेवावा.

## टप्पा ७: आता अर्ज भरा

अर्ज अधिकृत संकेतस्थळावर आधी खाते उघडून भरला जातो. नाव, जन्मतारीख, आधार, मोबाइल, ईमेल यांसारखी खात्यातील माहिती नंतर बदलता येत नाही, त्यामुळे ती भरताना घाई नको. मोबाइल क्रमांक व ईमेल स्वतःचा द्यावा. नेट कॅफेचालकाचा ईमेल देऊन नंतर पासवर्डसाठी त्याच्या मागे फिरणारे उमेदवार कमी नाहीत. ज्यांनी पूर्वीच्या भरतीत खाते उघडले आहे, त्यांनी तेच वापरावे.

एका उमेदवाराला एकाच रेल्वे भरती मंडळाकडे अर्ज करता येतो. मुंबई आणि बिलासपूर अशा दोन मंडळांकडे अर्ज केल्यास दोन्ही अर्ज बाद होऊ शकतात. दुरुस्तीच्या काळात शुल्क भरून काही माहिती बदलता येते, पण खात्यातील माहिती आणि निवडलेले मंडळ बदलता येत नाही.

परीक्षा शुल्क पुढील सवलतीत न बसणाऱ्या उमेदवारांना ५०० रुपये आहे आणि पहिल्या परीक्षेला हजर राहिल्यास बँकेचे शुल्क वजा करून त्यातील ४०० रुपये परत मिळतात. अनुसूचित जाती-जमाती, महिला, अल्पसंख्याक आणि आर्थिकदृष्ट्या मागास उमेदवारांना ते २५० रुपये असून, हजेरीनंतर बँकेचे शुल्क वजा करून परत मिळते. ‘आर्थिकदृष्ट्या मागास’ म्हणजे वार्षिक ५०,००० रुपयांपेक्षा कमी उत्पन्नाचे कुटुंब. आठ लाखांच्या मर्यादेच्या आर्थिक दुर्बल घटकाशी त्याची गल्लत करू नये. परतावा हवा असल्यास बँक खात्याचा तपशील अचूक द्यावा.

तपासा: सही वळणदार हस्ताक्षरात असावी. कॅपिटल किंवा सुट्या अक्षरांत केलेली सही नाकारली जाते. छायाचित्राचे निकष सूचनेतून वाचून त्याप्रमाणेच छायाचित्र काढावे. अंतिम सादर करण्यापूर्वी प्रवर्ग, जन्मतारीख आणि ट्रेड हे तीन रकाने दुसऱ्या कुणाकडून मोठ्याने वाचून घ्यावेत.

## टप्पा ८: परीक्षा सुरू असताना फाइल तयार ठेवा

पहिली संगणकीय परीक्षा, दुसरी संगणकीय परीक्षा आणि त्यानंतर अभियोग्यता चाचणी अशी निवडीची वाट आहे. दुसऱ्या परीक्षेचा ‘ब’ भाग ट्रेडवर आधारित असतो आणि त्यात ३५ टक्के गुण सर्व प्रवर्गांना आवश्यक असतात. पदविकाधारकांनी अर्जात कोणता ट्रेड निवडला यावर हा भाग अवलंबून असल्याने ती निवडही पात्रतेइतक्याच काळजीने करावी.

अभियोग्यता चाचणीच्या दिवशी नेत्रतज्ज्ञाचे दृष्टी प्रमाणपत्र विहित नमुन्यात न्यावे लागते. ते नसल्यास चाचणीला बसू दिले जात नाही. वरील टप्पा २ मध्ये ज्या तज्ज्ञाकडे डोळे तपासले, त्याच्याकडेच परिशिष्टातील नमुना घेऊन जावे आणि डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक व शिक्का तेथेच तपासावा.

पडताळणीसाठी दहावीचे प्रमाणपत्र, आयटीआय किंवा पदविकेची सर्व सत्रांची गुणपत्रके व अंतिम प्रमाणपत्र, प्रवर्गाचा केंद्रीय नमुन्यातील दाखला, नावबदलाचा पुरावा आणि आधार ही मूळ कागदपत्रे व प्रत्येकाच्या स्वसाक्षांकित प्रती एकाच फाइलमध्ये ठेवाव्यात. आधीपासून सरकारी सेवेत असलेल्यांनी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र मागण्यासाठी पडताळणीच्या पत्राची वाट पाहू नये, कारण कार्यालयीन टपालाला लागणारे दिवस पडताळणीच्या तारखेत धरलेले नसतात.